आक्काताईंचं दुखणं

"थांबा बाई. तिथंच. आता कपाळात गेली बघा कळ."

आक्काताई पालथ्या झोपल्या होत्या. माझा अंगठा त्यांच्या उजव्या खांद्याच्या वर, मान जिथं पाठीला मिळते त्याच्या जरा बाजूला रुतलेला होता. मी दाबत होते पाठ आणि त्या सांगत होत्या कपाळाचं. मी अंगठा उचलला, थोडी थांबले आणि पुन्हा तिथंच दाबला.

"आता?"

"गेली की. कानामागनं वर चढली आन हितं आली." चेहरा उशीत तसाच ठेवून त्यांनी हात वर केला आणि उजव्या कानशिलावर बोट टेकवलं.

पाठीचा वरचा स्नायू आखडला की दुखणं डोक्यात जाऊन बसतं, हे मी शिकताना वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण कुणाच्या पाठीवर हात ठेवल्यावर ते असं माझ्या अंगठ्याखाली सापडेल, असं वाटलं नव्हतं. सुपारीएवढी गाठ होती, आणि दाबली की आतल्या आत सरकत होती. मला इतका आनंद झाला की आक्काताईंना त्रास होतोय हे विसरून मी तिसऱ्यांदा दाबलं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी सव्वीस वर्षांची होते. पुण्याहून गडहिंग्लजला एका लहानशा दवाखान्यात नोकरीला आले होते, तिथली पहिलीच फिजिओथेरपिस्ट. आधी सामानाची खोली होती ती रंग देऊन मला दिली होती. एक टेबल, शेकायचं एक यंत्र आणि भिंतीला लावलेली दोरी-कप्पी, एवढाच संसार. लोक मला 'मालिशवाल्या बाई' म्हणत. दवाखान्यातले मोठे डॉक्टर शिरगुप्पे यांनाही मी नेमकं काय करते ते फारसं पटलेलं नव्हतं. ज्यांच्या दुखण्याला नाव सापडत नाही असे पेशंट ते माझ्याकडे लावून देत. आक्काताई मगदूम त्यांतल्याच. चिठ्ठीवर डॉक्टरांनी एवढंच लिहिलं होतं, "डोकेदुखी, अकरा वर्षं. काही सापडत नाही. तू बघ."

अकरा वर्षांत आक्काताईंनी काय काय केलं होतं ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, तक्रार म्हणून नव्हे, शेजारणीला सांगावं तसं. डोळे तपासून चष्मा केला होता. कोल्हापूरला डोक्याचा फोटो काढला होता. नाकात तूप सोडून झालं होतं, कपाळाला सुंठ लावून झाली होती, गळ्यात ताईत बांधून झाला होता. कुणी म्हणालं नवरा गेल्याचं मनाला लावून घेतलंय. नवरा जाऊन तर सातच वर्षं झाली होती, डोकं त्याच्या आधीपासून दुखत होतं. त्या हसून म्हणाल्या, "डोक्याच्या गोळ्या मी शेंगदाण्यागत खाल्ल्यात बाई."

त्यांचं वय त्रेचाळीस होतं. अंगानं बारीक, उंचीनं बेताच्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर असायचा आणि मान उजवीकडे किंचित कललेली. चालताना कुणी मागून हाक मारली तर त्या मान वळवत नसत, सगळ्या वळत. मी हे सगळं वहीत टिपून घेतलं.

काम काय करता विचारलं तर म्हणाल्या, काजू सोलते. आजऱ्याकडच्या कारखान्यातून भाजलेले काजू पोत्यांनी घरी येत, त्यांचं वरचं तांबूस साल सुरीनं सोडवून द्यायचं. दिवसाचे सहा-सात तास मान खाली घालून, मांडीवर परात घेऊन. मला वाटलं, सापडलं. मी त्यांना परात स्टुलावर ठेवायला सांगितली, पाठीला लोड घ्यायला सांगितला, अर्ध्या तासानं उठून खांदे फिरवायला सांगितले. त्यांनी सगळं मनापासून केलं. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते आणि गाठ जशीच्या तशी.

"घरात काही जड वजन उचलता का?" मी विचारलं.

"कसलं वजन? दोघीच हाय आम्ही घरात, मी आन लेक. एखादी घागर पाण्याची."

मी पुन्हा वहीत टिपलं: वजन उचलत नाही.

असे दीड-दोन महिने गेले. मी दाबायची, शेकायची, ताण द्यायची, गाठ सैल व्हायची आणि आठवड्यात पुन्हा बांधली जायची. एकदा त्या सलग दोन वेळा आल्याच नाहीत. तेव्हा त्यांच्या गावात फोन होता तो दूधसंस्थेत. रविवारी मला सुट्टी होती, गाव सात-आठ किलोमीटरवर. एसटी पकडून मी गेले. खरं सांगायचं तर काळजीपोटी कमी आणि हट्टापोटी जास्त. माझ्या हाताला लागलेली ती एकुलती एक खरी केस होती.

गावात विचारत विचारत घर सापडलं. सकाळचे दहा वाजले असतील. दार उघडंच होतं. परड्यातल्या न्हाणीकडून आक्काताई घरात येत होत्या आणि त्यांच्या उजव्या कमरेवर एक बाई होती.

मला आधी बाईच वाटली. ओले लांब केस, अंगात गाऊन, पाय इतके लांब की पावलं आक्काताईंच्या घोट्यांपाशी लोंबत होती. लहान मूल घ्यावं तसं त्यांनी तिला कमरेवर घेतलं होतं. तिनं एक हात आक्काताईंच्या मानेभोवती घट्ट आवळला होता आणि तोंड त्यांच्या उजव्या खांद्यात खुपसलं होतं. बरोबर तिथंच. त्या गाठीवर तिची हनुवटी टेकलेली होती.

आक्काताईंनी मला पाहिलं, पण त्या थांबल्या नाहीत. थांबता येण्यासारखं नव्हतंच. पाच-सात पावलं तशीच झपाझप टाकून त्यांनी तिला खाटेवर ठेवलं, मान उचलून खाली उशी सरकवली, मग कमरेवर हात देऊन सरळ झाल्या.

"या की बाई," त्या म्हणाल्या. "ही पद्मल. माझी लेक."

पद्मल एकोणीस वर्षांची होती. जन्मताना रडली नव्हती, तेवढ्या वेळात मेंदूचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. हातपाय ताठ, मान डुगडुगती, बोलता येत नव्हतं. खाटेवरून न्हाणीत, न्हाणीतून खाटेवर, दुपारी उन्हाला अंगणात, अंगणातून परत आत. दिवसातून आठ-दहा वेळा. लहानपणी नवरा उचलायचा, तो मालवाहू गाडीवर असल्यामुळे कधी असायचा, कधी नसायचा. आठ वर्षांची झाल्यावर पोरीनं उंची घेतली, आणि तेव्हापासून डोकं सुरू झालं. हे सगळं त्यांनीच सांगितलं, काही न लपवता.

"मी तुम्हाला विचारलं होतं आक्काताई. वजन उचलता का म्हणून."

त्या माझ्याकडे नवलानं बघत राहिल्या. "तुम्ही वजन इचारलासा बाई," त्या म्हणाल्या. "लेकीला वजन कसं म्हणू?"

घरात काजूच्या सालांची बारीक धूळ होती. मला शिंक आली. खाटेवरून एकदम खळखळून हसू आलं. पद्मल मान मागे टाकून, सगळं अंग ताठ करून हसत होती. आक्काताईही हसल्या. म्हणाल्या, कुणी शिंकलं की हिला लई मजा वाटते, आता तुम्ही गेलासा तरी तासभर हसंल. मी मुद्दाम आणखी एक खोटी शिंक दिली, पण तिला खरं-खोटं कळत होतं. तिनं माझ्याकडे बघून नुसते डोळे मिटले.

परत येताना एसटीत मी ठरवूनच टाकलं होतं. मला कारण सापडलं होतं, आणि कारण सापडलं की ते दूर करायचं, एवढंच मला माहीत होतं.

पुढचा महिना मी आक्काताईंच्या मागे लागले. शेजारच्या जिल्ह्यात अशा मुला-मुलींसाठी एक निवासी संस्था होती. चांगली होती, स्वच्छ होती. तिथल्या लोकांशी माझी ओळख होती. तीन महिन्यांसाठी पद्मलला तिथं ठेवायचं, तोवर आक्काताईंची पाठ मोकळी करायची, पुढचं पुढं बघायचं, असं मी सुचवलं. आक्काताई नुसतं ऐकून घेत. त्यांचे धाकटे दीर भूपाल शेजारीच राहायचे, सरळ माणूस. मी त्यांनाही गाठलं. ते म्हणाले, वैनींची अवस्था बघवत नाही हे खरं, पण वैनी हिच्याशिवाय राहायची नाही.

शेवटी मी ते बोलले. टेबलावर पालथ्या झोपलेल्या आक्काताईंच्या पाठीशी बोलले, तोंडासमोर नाही.

"आज स्नायू आखडलेत. उद्या मणका सरकेल. तुम्ही अंथरुणाला खिळलात तर पद्मलला कोण उचलणार?"

त्यांच्या पाठीचा श्वास माझ्या हाताखाली वरखाली होत होता.

"तीनच महिने न्हवं?" त्यांनी विचारलं.

"तीनच."

भूपालनी टेम्पो काढला. मागे गादी घातली आणि आक्काताई पद्मलचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मी पुढे बसले. संस्थेत पोचेपर्यंत अकरा वाजले. मोठी हवेशीर खोली होती, ओळीनं खाटा, खिडकीबाहेर कडुलिंब. एका खोलीत अकरा मुली आणि त्यांना बघायला दोन बायका. त्यांतली एक, सरस्वती नावाची, चांगली हसरी होती. तिनं पद्मलच्या केसांवरून हात फिरवला.

आक्काताईंनी पिशवीतून वाटी-चमचा काढला. घरून मऊ भात कालवून आणला होता. त्यांनी सरस्वतीला जवळ बसवलं आणि भरवायचं कसं ते दाखवायला लागल्या. आडवं ठेवून भरवायचं नाही. असं अर्धवट बसवायचं, पाठीला आपली छाती लावायची. डावा हात असा हनुवटीखाली. चमचा अर्धाच भरायचा. घास तोंडात गेला की हनुवटी धरून थांबायचं. गिळल्याचा आवाज गळ्यात ऐकू आला की मगच दुसरा. मधेच हसली तर थांबायचं. खोकली तर पुढं वाकवायचं. एका जेवणाला तास लागतो.

सरस्वती मान हलवत होती. तिचं लक्ष पलीकडे रडणाऱ्या एका मुलीकडे होतं. आक्काताई पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागल्या. तिसऱ्यांदा त्यांनी सरस्वतीचा हात धरून पद्मलच्या हनुवटीखाली नेला, आणि त्या म्हणाल्या की आता एक सगळं जेवण तुम्ही माझ्यासमोर भरवा, मी बघते.

मी घड्याळाकडे पाहिलं. चारला मला दवाखान्यात पोचायचं होतं, आणि मनातून वाटत होतं की जितका वेळ थांबू तितकं निघणं अवघड होईल. हेही पुस्तकात वाचलेलं. निरोप लांबवू नये.

"आक्काताई, यांना सगळं येतं," मी म्हणाले. "रोजचं काम आहे त्यांचं. चला, निघूया."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, तो मोडू नये म्हणून उठल्यासारख्या त्या उठल्या. वाटी सरस्वतीच्या हातात दिली. पद्मल तेव्हा खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत होती. आम्ही निघालो ते तिला कळलं नाही, किंवा कळलं असेल.

त्यानंतरच्या तेवीस दिवसांत आक्काताई माझ्याकडे सहा वेळा आल्या. पहिल्या आठवड्यात गाठ अर्धी झाली. दुसऱ्या आठवड्यात मी दाबून बघितलं तर कळ मानेपर्यंतच चढली, कपाळात गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मान दोन्ही बाजूंना वळवून दाखवली, लहान मुलीसारखी. रंग उजळला होता. गोळ्या बंद झाल्या होत्या. संस्थेत आठवड्याला फोन करत होत्या, बरी आहे, जेवते आहे, असं तिकडून सांगत. मुलीला भेटायला जाते म्हणाल्या तेव्हा मी म्हणाले, अजून थोडे दिवस जाऊ द्या, तिला तिथली सवय होऊ दे.

मी वहीत लिहिलं: रुग्णाला पूर्ण आराम. आणि त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या बेळगावच्या परिषदेसाठी निबंध लिहायला घेतला, पाठीच्या स्नायूंतून उद्भवणाऱ्या डोकेदुखीवर.

चोविसाव्या दिवशी सकाळी दवाखान्यात संस्थेतून फोन आला. पद्मलच्या श्वासनलिकेत अन्न गेलं होतं. एकदा नाही, थोडं थोडं बरेच दिवस जात असावं. छातीत न्यूमोनिया झाला होता, दोन दिवस ताप होता, त्यांना साधा सर्दीताप वाटला. पहाटे गेली.

त्यांची चूक होती असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. अकरा मुलींना दोन बायका भरवत होत्या. एका जेवणाला तास त्यांनी कुठून आणायचा होता?

मी गावात गेले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. भूपाल सामोरे आले. आक्काताई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर रिकामी खाट. त्या रडत नव्हत्या. मला बघून त्यांनी सरकून शेजारी जागा केली. मी बसले. कुणीतरी चहा आणून दिला तो मी प्याले, एवढं आठवतं.

पुढची गोष्ट सांगायला मला अजून जड जातं. पंधरा दिवसांनी बेळगावची परिषद होती. मी गेले. निबंध वाचला. आक्काताईंचं नाव न घेता, 'त्रेचाळीस वर्षांची महिला' म्हणून सगळी हकिकत मांडली. कारण सापडलं, भार दूर केला, तीन आठवड्यांत पूर्ण आराम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून एका वयस्कर बाईंनी विचारलं, पुढे काय झालं? मी म्हणाले, "पुढच्या तपासणीला रुग्ण अजून आलेली नाही."

खोटं नव्हतं ते. एकेक शब्द खरा होता.

रुग्ण आली त्यानंतर महिन्याभरानं. दुपारी बाकीचे पेशंट संपल्यावर दार ढकलून आक्काताई आत आल्या आणि टेबलावर पालथ्या झोपल्या, नेहमीसारख्या. मी हात धुतले, पुसले आणि त्यांच्या पाठीवर ठेवले. गाठ नव्हती. दोन्ही खांदे सारखे होते. त्यांची पाठ कुणाही चाळिशीच्या बाईची असावी तशी मऊ, मोकळी होती. मी चाचपत राहिले. काहीतरी सापडावं असं मला वाटत होतं.

"न्हाई न्हवं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मलाबी दुखत न्हाई." त्यांचा आवाज उशीतून येत होता, जाडसर. "तुम्हाला एक सांगतो बाई. भाऊजींना न्हाई सांगितलं, कुणालाच न्हाई. ते तेवीस दिवस मी झोपलो. अकरा वर्षांत अशी झोपलो न्हवतो. सकाळी उठलो की डोकं हलकं. एक दिवस तर मी अंगणात बसून गाणं म्हणालो. आन तिकडं..."

माझे हात त्यांच्या पाठीवर होते तसेच राहिले.

"तिकडं तिच्या छातीत घास जात होता, आन हिकडं मला बरं वाटत होतं."

बाहेर कुणीतरी सायकल लावली. मग त्या उठून बसल्या, पदर सारखा केला आणि अगदी साध्या आवाजात, एखादी गोळी मागावी तसं त्यांनी मला विचारलं, "पुन्हा दुखाय लागंल असं काय असतंय काय बाई?"

मी त्यांच्यासमोर उभी होते आणि मला पहिल्यांदाच काही तरी दिसलं, जे तोवर दिसलं नव्हतं. त्यांना मी किती वेळा बघितलं होतं, त्यांच्या पाठीची एकेक रेघ मला पाठ होती. पण जड माणसाला कसं उचलायचं, हे मी त्यांना एकदाही शिकवलं नव्हतं. गुडघ्यात वाकून, अंगाजवळ घेऊन, कमरेवर न टाकता. चादरीवरून सरकवून. चाकाची खुर्ची न्हाणीपर्यंत नेऊन. भूपालना दिवसातून दोनदा बोलावून. हे सगळं मला येत होतं, ते माझंच काम होतं. घरच्या घरी, काजूच्या परातीशेजारी, पद्मलला न हलवता करता आलं असतं. डोकं कदाचित पूर्ण थांबलं नसतं. निम्मं थांबलं असतं. पण निम्म्याचा निबंध होत नाही.

हे त्यांना मी सांगितलं. अडखळत, अर्धवट, पण सांगितलं. मला वाटलं त्या आता तरी काही बोलतील. त्या ऐकत राहिल्या, मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तुम्हीबी लहानच हाय की," त्या म्हणाल्या, आणि चप्पल घालून गेल्या. त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत.

दोन वर्षांनी मी गडहिंग्लज सोडलं, कोल्हापुरात स्वतःचा दवाखाना काढला. लग्न झालं, मुलगा झाला. नऊएक वर्षांनी एक दिवस भूपाल गुडघा घेऊन माझ्याकडे आले. केस पांढरे झाले होते, मी त्यांना आवाजावरून ओळखलं. वैनी कशा आहेत विचारलं तर म्हणाले, वैनी घरी नसतात. पद्मल गेली त्याच वर्षी घराला कुलूप लावून तिकडंच गेल्या, त्या संस्थेत. आधी नुसत्या भरवायला म्हणून जात होत्या, मग तिथंच राहिल्या. सणालाही येत नाहीत.

मी त्या संस्थेला पत्र लिहिलं. तुमच्याकडच्या बायकांना मुलं उचलायची कशी ते शिकवायला येऊ का, असं विचारलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, या.

तीच खोली होती. खाटा वाढल्या होत्या, काम करणाऱ्या बायकाही वाढल्या होत्या. मी सगळ्यांना गोलात उभं केलं आणि दाखवलं. पाय फाकवा, गुडघ्यात वाका, मूल छातीशी घ्या, मग उठा. पाठ वाकवायची नाही. कमरेवर टाकायचं नाही. एकेकीकडून करून घेतलं. तासभर कुणालाही घाई करू दिली नाही. बायका हुशार होत्या, पटापट शिकल्या.

आक्काताई गोलात नव्हत्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीला उचलताना मी पाहिलं. पाठ वाकवून, उजव्या कमरेवर टाकून, तिचा हात आपल्या मानेत अडकवून, जसं मी एवढा वेळ करू नका म्हणून सांगत होते अगदी तसं. त्यांचा उजवा खांदा वर गेलेला होता. मान कललेली होती. एका तरुण बाईनं माझ्याकडे पाहिलं, मी काही म्हणते का म्हणून. मी काही म्हटलं नाही.

शिकवून झाल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. त्या व्हरांड्यात मुलीला छातीशी अर्धवट बसवून भरवत होत्या. डावा हात हनुवटीखाली. त्यांनी मला ओळखलं, मानेनंच बसा म्हणाल्या. तिथल्या बायकांनी मला आधीच सांगितलं होतं की आक्काताई भरवत असताना त्यांना कुणी हाक मारत नाही, व्यवस्थापकसुद्धा नाही.

"आक्काताई, डोकं?" मी विचारलं.

"दुखतंय की," त्या म्हणाल्या. "लई दुखतंय."

मी त्यांच्या खांद्याकडे हात नेला. त्या हलक्याच बाजूला सरल्या. "राहू दे बाई," त्या म्हणाल्या आणि मुलीच्या गळ्याकडे कान देऊन बसल्या.

वाटीत अजून बराच भात होता. मी पायरीवर बसून राहिले.